लिंबू कुणी चिरडायचं

लिंबू कापायचं नसतं. अख्खं ठेवायचं, चाकाखाली, आणि त्याच्यावरून गाडी न्यायची.

गॅरेजमधले पाने-हातोडे आज झोपलेत. पिवळ्या फडक्यावर, अंगभर विभूतीचे पट्टे ओढून, चामुंडेश्वरीच्या फोटोपुढे. उद्या विजयादशमी उजाडेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही.

"हॅलो, मेस्त्री? अक्का आहेत का?"

थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. मिळालेलं जाळून व्हायच्या आत कुणी ते बंद केलं, तर उरलेलं आतच बसून राहतं.

मुख्तार पाशाच्या शिलाई मशीनला झेंडूचा हार. तो दरवर्षी म्हणतो, "राहू दे अक्का, मला कशाला," आणि दरवर्षी आदल्या दिवशीच मशीन पुसून ठेवतो.

एक उजवा अंगठा. बटणावरून उचललेला, आता काय करावं हे न कळलेला.

*

हा अंगठा नंजुंडीचा. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात, लाकडाच्या वखारीसमोर त्याचं गॅरेज. एक काळ असा होता की गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की नंजुंडी हातातला चहा खाली न ठेवता सांगायचा, "हवा जास्त घेतेय." गाडी दारात येईपर्यंत त्याला दुखणं कळलेलं असायचं. कार्बोरेटरचा स्क्रू तो असा फिरवायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा फिरवत नाहीये, नुसता कुरवाळतोय. लोक म्हणायचे, मेस्त्रीनं हात ठेवला की गाडी सरळ.

म्हणून आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, सगळ्यांच्या गाड्या त्याच्या दारात लागायच्या. हार, हळदकुंकू, कापूर, आणि मग प्रत्येक गाडीवर आधी मेस्त्रीनं बसायचं. चालू करायची, दोन्ही चाकांखालची लिंबं चिरडत पुढं न्यायची, चार पावलांवर थांबवायची, बंद करायची, उतरायचं. मेस्त्रीच्या हातानं लिंबू फुटलं म्हणजे वर्षाची काळजी मिटली. त्या एका सकाळी नंजुंडी पांढरी लुंगी नेसायचा आणि नवरदेवासारखा एका गाडीवरून उतरून दुसरीवर चढायचा.

मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यांना कार्बोरेटर नाही, कुरवाळायला स्क्रू नाही. पेट्रोल किती सोडायचं ते सीटखालची एक काळी डबी ठरवते. ती डबी नंजुंडीचं ऐकत नाही.

ती पुट्टगौरीचं ऐकते.

पुट्टगौरी नंजुंडीची बायको.

*

सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणायचं, "मेस्त्री, अक्कांना एकदा विचारून बघाल का?"

मग म्हणायला लागलं, "अक्का बघतील ना?"

आता फोन नंजुंडीचा, नंबर नंजुंडीचा, आणि पलीकडून पहिलंच वाक्य, "अक्का आहेत का?"

"आहेत. भात लावतायत," नंजुंडी म्हणायचा. पुट्टगौरी तेव्हा समोरच असायची, पदर खोचून, एखाद्या गाडीच्या पोटात हात घालून. ती मान वर न करता म्हणायची, "द्या इकडे." तो फोन तिच्या कानाला लावून उभा राहायचा, कारण तिचे हात तेलानं भरलेले. बायकोच्या गिऱ्हाइकाचा फोन बायकोच्या कानाला धरून उभा असलेला मेस्त्री. येणारेजाणारे बघायचे. कुणी काही बोलायचं नाही, आणि तेच त्याला जास्त झोंबायचं.

ती कुणाशी हसून बोलते म्हणून जळणं त्याला परवडलं असतं. तिथं निदान भांडता तरी येतं. इथं भांडण कशावरून काढायचं? तू काम चांगलं करतेस, यावरून?

शिवाय फोन धरून धरून त्याला सगळं पाठ झालं होतं. शेजारच्या रेडिओवरचं गाणं नको असताना पाठ व्हावं तसं.

"ऐका. अशी सारखी चालू-बंद करू नका. थंड असताना चालू केली की तिला जरा फिरवून आणा, गरम होऊ द्या. नाहीतर प्लग ओला होतो. झालाय? बरं. मग आता रेसची मूठ पूर्ण पिळा. पूर्ण. जुन्या गाडीला देता तसे झटके देऊ नका, धरून ठेवा. आणि बटण दाबा. मूठ पूर्ण पिळलेली दिसली की डबी समजते, आत पूर आलाय, पेट्रोल सोडायचं नाही. नुसती हवा जाते. वाळते आपोआप."

ही युक्ती नंजुंडीनं आजवर एकदाही वापरली नव्हती. कुणाची इंजेक्शनची गाडी त्याच्यापुढं अडली की तो जुन्या सवयीनं मुठीला झटके द्यायचा, चालू झाली नाही की म्हणायचा, "हिच्या डोक्यातच दोष आहे," आणि चहा प्यायला निघून जायचा. त्याला येत नव्हतं असं नाही. ते तिचं होतं.

*

पूजेच्या आदल्या संध्याकाळी चेलुवराजू आपली काळी गाडी धुवायला सोडून गेला. उदबत्तीच्या कारखान्यात कामाला असलेला पोरगा, आला की गॅरेजमध्ये देवळासारखा वास सुटायचा. किल्ली नंजुंडीच्या हातात देत म्हणाला, "मेस्त्री, एक सांगायचं होतं. रागवू नका."

"बोल की."

"उद्या लिंबावरून गाडी अक्कांनी न्यावी असं अम्मा म्हणते. म्हणजे, इंजेक्शनची आहे ना. अक्कांचा हात चांगला, म्हणते."

"नेईल की," नंजुंडी म्हणाला. "हात काय, दोघांचे सारखेच."

वाक्य सरळ बाहेर आलं. मात्र जेवताना त्यानं ताकाचा पेला तसाच बाजूला सारला. आजपर्यंत फोन गेला होता, गिऱ्हाईक गेलं होतं. लिंबू राहिलं होतं. यंदा एका गाडीचं. पुढच्या वर्षी सगळ्यांचं. आणि तो काय करणार, नारळ सोलत बसणार?

पुट्टगौरीनं विचारलं, "बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीये."

*

सकाळी ती आत पायस ढवळत होती. गाड्या बाहेर रांगेत लावायच्या होत्या. चेलुवराजूची भिंतीशी होती. ढकलून नेता आली असती. चाकं त्यासाठीच असतात. नंजुंडीनं किल्ली लावली.

चालू.

पंपानं सूं केलं, इंजिन पहिल्या झटक्यात धरलं. हातभर पुढं.

बंद.

हार आणला. हार आरशात अडकतोय असं स्वतःलाच दाखवलं.

चालू. वीतभर मागं. बंद.

मुख्तार पाशा आपल्या सीटकव्हरच्या दुकानाचं शटर वर करत होता. "काय मेस्त्री, गाडीला उठाबशा?"

"सावलीत घेतोय."

"ऊन अजून वखारीच्या मागंय."

"येईल ना मग."

चालू. बंद.

केळीचा खांब बांधायला जागा हवी. चालू. बंद. रांग वाकडी दिसतेय. चालू. या खेपेला धरायला वेळ लागला. बंद.

पाशा पेल्यातला चहा फुंकत बघत होता. मध्येच त्यानं फुंकणं थांबवलं, आणि मग पुन्हा सुरू केलं.

चालू.

खर्र, खर्र, खर्र.

नंजुंडीनं अंगठा उचलला. सायलेन्सरशी वाकून वास घेतला. कच्चं पेट्रोल, भपकन. त्यानं किल्ली काढून दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि लुंगी झटकली. कुणी विचारलंच तर खोटं बोलायची गरज नव्हती. गाड्या रांगेत लावल्या, एवढंच.

*

आरती झाली. कुंकवानं भरलेला कोहळा रस्त्यावर आपटून फुटला. जुन्या गाड्यांवर नंजुंडी बसला, लिंबं फुटली, उतरला. पण लोक टाळ्या उरकल्यासारख्या वाजवत होते. डोळे काळ्या गाडीकडे.

"चला, आता आमची," चेलुवराजूची आई तायम्मा म्हणाली. नवी साडी, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा, हातात दोन लिंबं. "ये गं गौरम्मा. राहुकाळ लागायच्या आत होऊन जाऊ दे."

पुट्टगौरी हात पुसत आली. गाडीवर बसली. तायम्मानं लिंबं चाकांखाली सरकवली. पुट्टगौरीनं बटण दाबलं.

खर्र, खर्र, खर्र.

पुन्हा.

खर्र, खर्र.

"साइड स्टँड बघा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"लाल बटण बंद असेल," चेलुवराजू म्हणाला.

"पेट्रोल तरी आहे का रे मेल्या?" तायम्मा म्हणाली.

पुट्टगौरीनं हात वर केला. सगळे गप्प झाले. मास्तरीणबाईंपुढं व्हावेत तसे, आणि तेही नंजुंडीनं टिपलं. तिनं किल्ली बंद केली, परत फिरवली, कान दिला. सूं.

"पंप ठीक." पिवळा दिवा लागला, विझला. "डबीची काही तक्रार नाही. स्टार्टर जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरीही ठीक." ती उतरली, सायलेन्सरशी वाकली. "प्यायलीये. गळ्यापर्यंत."

मग तिनं तेच केलं जे नंजुंडीला पाठ होतं. मूठ पूर्ण पिळली, धरून ठेवली, बटण दाबलं. खर्र खर्र खर्र खर्र. एकदा कुठंतरी फुस्स झालं. नंतर नाही. तिनं थोडं थांबून पुन्हा केलं. आता स्टार्टरचा आवाज जडावला होता.

"थांबू या," ती म्हणाली. "बॅटरी गेली तर मग काहीच नाही. जरा वाळू दे."

"राहुकाळ थांबणार आहे का?" तायम्मा म्हणाली.

"मेस्त्री," मुख्तार पाशा नंजुंडीकडे न बघता म्हणाला, "प्लग काढा, पुसा, लावा. तुमचं काय, शिट्टी वाजवेपर्यंत होतं."

सगळ्यांच्या माना आत वळल्या. प्लगपाना फडक्यावर होता, त्याच्यावर लाल जास्वंद. नंजुंडी एक पाऊल आत सरकला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं! कार्बोरेटर असो की डबी, प्लग तो प्लग. प्लग त्याचा होता. आज सोडून कुठल्याही दिवशी हीच गाडी त्यानं या सगळ्यांसमोर, तिच्या देखत, उठवून दाखवली असती.

"मी उचलतो," तो म्हणाला. "देवी समजून घेईल."

"हात लावू नका," पुट्टगौरी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "वर्षभर त्यांच्यावरच जेवतो आपण."

त्यानं हात मागं घेतला. म्हणजे देवीसुद्धा तिच्याच बाजूला.

*

तायम्मानं गजरा चाचपला. "अपशकुनच हा. मी सांगत होते, काळी घेऊ नको. विकून टाक."

"अम्मा, गप बस ना."

"का गप बसू? मागच्या वर्षी जुन्या गाडीवर मेस्त्री बसले होते, तेव्हा झालं का असं? हात हात म्हणतात ते हेच."

आलं. ज्याच्यासाठी सकाळपासून एवढं केलं ते वाक्य, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. नंजुंडी नकळत ताठ उभा राहिला. लुंगीची गाठ सारखी केली. तोंडात साखर ठेवल्यासारखं झालं त्याला, आणि ती विरघळायच्या आत त्यानं बायकोकडे बघितलं. तिचा चेहरा कसा होतो ते त्याला बघायचं होतं.

पुट्टगौरीचा चेहरा कसाच झाला नाही.

"हात कुणाचाही असता तरी हेच झालं असतं, तायम्मा," ती म्हणाली. "थंड इंजिन कुणीतरी पुन्हापुन्हा चालू-बंद केलंय. काल मी धुवून लावली तेव्हा अगदी ठीक होती."

मुख्तार पाशाला एकदम आपल्या बाहीचा सुटलेला दोरा दिसला.

"किल्ली कुठं होती?" चेलुवराजूनं विचारलं.

पुट्टगौरीनं नंजुंडीकडे बघितलं. गल्लीतून जाणाऱ्या परक्याच्या गाडीलाही सल्ला देणारा माणूस आज इतका वेळ फक्त प्लगपान्यापुरता बोलला होता. तिला तेवढं पुरलं. तिनं नजर काढून घेतली आणि म्हणाली,

"आठवलं, मीच केलं. सकाळी हार घालताना मागंपुढं घेतली. घाईत होते. माझी चूक."

एवढं म्हणायचा अवकाश, तायम्मा विरघळली. "अगो, होतं गं! एकटी बाई, आत पायस, बाहेर पूजा, कुठं कुठं बघशील?"

"अक्का, तुमच्याकडूनही होतं म्हणजे!" चेलुवराजू हसला. त्या हसण्यात असं कौतुक होतं की जणू तिनं नवीनच काही करून दाखवलंय.

"चूक झाली म्हणायला मोठं मन लागतं," गर्दीतलं कुणी म्हणालं. "आमच्या ऑफिसात एक माणूस म्हणेल तर शपथ."

नंजुंडी बघत राहिला. फोन तिचा. गिऱ्हाईक तिचं. डबी तिची, देवी तिची. आणि इंजेक्शनच्या गाडीवर त्यानं आजवर एकच काम बिनचूक केलं होतं. जे व्हावं म्हणून केलं तेच झालं होतं, कुठंही हात न चुकता. आता तेही तिच्या नावावर चाललं होतं.

"तिनं नाही," तो म्हणाला. "मी केलं."

सगळे वळले.

"मी. मुद्दाम. चालू केली, बंद केली, चालू केली, बंद केली. धरेनाशी होईपर्यंत. काय होणार ते मला माहीत होतं. पेट्रोल कसं साठतं, प्लग कसा ओला होतो, सगळं माहीत आहे मला!"

मग तायम्मानं गालावर हात ठेवला.

"बघ रे चेलुवा. नवरा असावा तर असा. बायकोवर बोट येऊ देत नाही."

लोक हसले. चांगलं हसले, मायेनं.

"अहो, खरंच मी!" नंजुंडी ओरडला. "पाशाला विचारा. पाशानं बघितलंय. पाशा, सांग!"

मुख्तार पाशानं दोरा दातानं तोडला. "मी? सकाळी चहा पिताना माझे डोळे मिटलेले असतात, मेस्त्री."

"उठाबशा म्हणालास ना रे तू!"

"बास आता. दिसलं सगळ्यांना तुमचं प्रेम."

"प्रेम कसलं, गाढवा! मी केलंय ते! मला येतं!"

यावर तर पोट धरून हसले. कुणीतरी पाठीवर थाप मारली. तायम्मा डोळे पुसत होती. चेलुवराजूनं फोन काढून दोघांचा फोटो घेतला. त्यात नंजुंडीचं तोंड उघडं आलं.

हसली नाही ती पुट्टगौरी. हँडलचा हार नीट करायच्या निमित्तानं ती त्याच्या अगदी जवळ आली आणि त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली,

"एवढंसुद्धा तुम्हालाच हवं होतं का?"

नंजुंडीला उत्तर माहीत होतं. हो. तो गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघत राहिला.

*

ती पुन्हा बसली. मूठ पूर्ण पिळली. धरली. बटण.

खर्र. खर्र. ख... र्र.

बॅटरीत आता फारसं काही उरलं नव्हतं. तायम्मा पुटपुटत चामुंडेश्वरीचं नाव घेत होती. फुट्. फुट् फुट्. पुट्टगौरीनं अंगठा सोडला नाही. आणि मग कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडावं तसं इंजिन खाकरलं, काळा धूर सोडला, धरलं. तिनं चटकन मूठ सैल केली, पण मरू दिलं नाही.

"अक्का!" गल्ली ओरडली.

नंजुंडी पुढच्या चाकासमोरच उभा होता.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "चाक पायावरून जाईल."

तो झाला. पुढचं लिंबू फुटलं. मागचं फुटलं. ती चार पावलांवर थांबली नाही. उद्याच्या मिरवणुकीसाठी बांबू आडवे लावलेल्या चौकापर्यंत, आणि तिथून आणखी पुढं, गाडी गरम होईपर्यंत गेली.

लोक चुरमुऱ्यांकडे वळले. चेलुवराजूनं एक द्रोण नंजुंडीच्या हातात दिला. "मेस्त्री, खरंच, मोठा माणूस तुम्ही."

नंजुंडी चुरमुरे खात उभा राहिला, कारण हातांना दुसरं काही नव्हतं. कान मात्र चौकाकडे. इंजिन स्वच्छ चाललं होतं. आता गिअर टाकला. आता मूठ सोडली. आता ती वखारीच्या मागच्या वळणावर आली, परत फिरली. हे त्या गल्लीत इतर कुणालाही कळायच्या आधी त्याला कळलं. कुणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

इंजेक्शनच्या गाड्यांचं पहिलं ट्रेनिंग बंगळुरूला झालं तेव्हा बोलावणं नंजुंडीच्या नावानं आलं होतं; परक्या गावात जेवणाचे हाल होतात म्हणून त्यानं पुट्टगौरीला पाठवलं.